काळ्या पाषाणाचे कूळ

भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचा कापलेला गोळा तुम्ही पाहिलाच असेल. वर पातळ साल, त्याखाली जाड गर आणि मध्यभागी गाभा. चित्र इतके ठाम असते की, कोणीतरी आत जाऊन सगळे पाहून आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात माणसाने खोदलेले सर्वांत खोल भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे. १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरपर्यंत गेले. तेथे खडकाचे तापमान १८० अंश सेल्सियस निघाले आणि पुढे जाणे अशक्य झाले. खंडांखालच्या कवचाची जाडी साधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर असते. म्हणजे सालीचा जेमतेम तिसरा हिस्सा आपण भेदला आहे. त्याखालचे प्रावरण तर २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेले आहे.

मग आत काय आहे, हे कळते तरी कसे? भूकंपाच्या लहरींवरून आतील थर किती खोल आहेत, घट्ट आहेत की मऊ, घन आहेत की द्रव, हे समजते. डॉक्टर पोटावर बोटे वाजवून पाहतात, तसाच हा प्रकार. परंतु तेथल्या द्रव्याचा पूर्वेतिहास लहरी सांगू शकत नाहीत. त्यासाठी ते द्रव्य हातात यावे लागते. सुदैवाने ज्वालामुखी ते वर आणून देतात, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ते पाहायला दूर जायलाही नको. रस्त्यावरची खडी, दळायचे जाते, वेरूळची लेणी, बहुतेक गडांचे कडे, हा सगळा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर साचून तो झाला. आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

या पाषाणाचे कूळ कोणते? तो प्रावरणाच्या कोणत्या भागातून आला आणि वर येताना वाटेत त्याने काय काय उचलले? असल्या प्रश्नांची उत्तरे देण्याची एक रीत गेल्या साठ वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती आली आहे. ती समजून घेण्यासाठी थोडेसे अंकगणित पुरे आहे.

वितळताना काय बदलते?

प्रथम एक गैरसमज दूर करू या. प्रावरण म्हणजे उकळत्या लाव्हाने भरलेले भांडे नव्हे. ते घन खडकाचे आहे. मात्र हा खडक इतका तापलेला असतो की, वर्षाला काही सेंटिमीटर अशा संथ गतीने तो सरकू शकतो. तो वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की त्याचा थोडासा अंश वितळतो. हा वितळलेला अंश म्हणजे शिलारस. बाकीचा खडक घनरूपातच मागे राहतो.

येथेच अडचण सुरू होते. वितळताना सगळी मूलद्रव्ये सारख्या प्रमाणात शिलारसात उतरत नाहीत. काही पटकन उतरतात, काही मूळच्या स्फटिकांना चिकटून राहतात. शिवाय शिलारस वर येताना वाटेत निवू लागतो आणि त्यातून काही खनिजे खाली बसतात. त्यामुळे हातातल्या बेसाल्टचे रासायनिक पृथक्करण केले, तरी तेच प्रावरणाचे पृथक्करण आहे असे म्हणता येत नाही. चहा पिऊन चहापत्तीत काय काय होते ते सांगण्यासारखेच ते होईल.

पण एक गोष्ट या सगळ्या उलथापालथीत जशीच्या तशी राहते. एकाच मूलद्रव्याचे सगळे अणू अगदी सारखे नसतात, हे तुम्ही शिकला आहात. त्यांच्यातील प्रोटॉनांची संख्या एकच असते, परंतु न्यूट्रॉन कमीजास्त असतात, म्हणून वजन वेगळे भरते. अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य घ्या. दिवाळीच्या फुलबाज्यांत आणि भुईनळ्यांत लाल रंग येतो तो याच्या क्षारांमुळे. निसर्गात त्याची ८४, ८६, ८७ आणि ८८ अशा वस्तुमानांकांची चार समस्थानिके आढळतात. त्यांपैकी ८७ क्रमांकाचे शेकडा सुमारे ७ असते.

आता असे समजा की, आईने गव्हाचे पोते चाळायला काढले आहे. चाळण्यापूर्वी तुम्ही शंभरातल्या सात दाण्यांवर शाईचा ठिपका दिला. चाळणीतून कोंडा, कचरा, बारीक दाणे वेगळे झाले. जाड गहू एकीकडे, बारीक दुसरीकडे. तरीही कोणत्याही ढिगातले शंभर दाणे मोजा, ठिपक्याचे सातच भरतील. कारण चाळणी आकार पाहते, शाई पाहत नाही. खडक वितळताना रासायनिक गुणधर्मांची चाळणी लागते, आणि समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात. हलक्या मूलद्रव्यांच्या बाबतीत वजनातल्या फरकाचा थोडा परिणाम होतो. पण स्ट्रॉन्शियम, निओडिमियम, शिसे यांसारख्या जड मूलद्रव्यांच्या बाबतीत, तेही हजार अंशांहून अधिक तापमानाला, तो परिणाम हिशेबात धरण्याजोगा राहत नाही. म्हणून बेसाल्टमधील स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचे गुणोत्तर म्हणजेच ज्या खडकातून तो वितळला त्याचे गुणोत्तर. मुलाने घर बदलले, पेहराव बदलला, तरी आडनाव तेच राहावे, तसे.

मुद्दल आणि व्याज

हे गुणोत्तर सगळीकडे सारखेच असते, तर त्यावरून काहीच कळले नसते. ते वेगवेगळे होते याचे कारण रुबिडियम. रुबिडियम-८७ हे किरणोत्सर्गी आहे. त्याच्या अणुकेंद्रातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि त्याचे स्ट्रॉन्शियम-८७ बनते. ही क्रिया फारच सावकाश चालते. अर्धे रुबिडियम संपायला सुमारे ४,९६० कोटी वर्षे लागतात, आणि पृथ्वीचे वय तर सुमारे ४५५ कोटी वर्षेच आहे. रुबिडियम हे मुद्दल धरले, तर शंभर कोटी वर्षांना शेकडा १.४ एवढाच हा व्याजदर! सावकार उपाशी मरेल असा. पण पृथ्वीला घाई नाही. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र कशापासूनही नव्याने तयार होत नाही. म्हणून व्याज मोजायला ते पक्के माप ठरते.

उल्कापाषाणांच्या अभ्यासावरून असे ठरवले गेले आहे की, सूर्यमाला जन्मली तेव्हा हे गुणोत्तर ०.६९९ होते. सगळ्यांची सुरुवात तेथून. पुढे प्रावरण थोडे थोडे वितळून खंडांचे कवच तयार झाले. या वाटणीत रुबिडियम मोठ्या प्रमाणात कवचाकडे गेले, कारण ते शिलारसात पटकन उतरणाऱ्यांपैकी आहे. स्ट्रॉन्शियम त्या मानाने कमी गेले. म्हणजे कवचाच्या खात्यात मुद्दल अधिक आणि मागे उरलेल्या प्रावरणाच्या खात्यात फारच कमी. दोनतीनशे कोटी वर्षांनंतर काय होईल ते तुम्हीच सांगा. खंडांवरच्या जुन्या ग्रॅनाइटात आज ०.७२, ०.७५, क्वचित त्याहूनही पुष्कळ मोठी गुणोत्तरे सापडतात. समुद्राच्या मध्यभागी असलेल्या डोंगररांगांवर जो ताजा बेसाल्ट बाहेर पडतो, त्यात ते ०.७०३ च्या आसपासच असते.

निओडिमियमची गोष्ट याच्या उलटी आहे. सॅमेरियम-१४७ पासून निओडिमियम-१४३ बनते, आणि वाटणीच्या वेळी सॅमेरियम निओडिमियमपेक्षा अधिक प्रमाणात प्रावरणात मागे राहते. त्यामुळे जेथे स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर कमी तेथे निओडिमियमचे जास्त, असे बहुधा आढळते. दोन साक्षीदारांची अशी उलटतपासणी घेता येते, हे फार सोयीचे आहे.

मोजणारे हात

०.७०३ आणि ०.७०५ यांत फरक तो काय, असे तुम्हांला वाटेल. सगळी कथा या तिसऱ्या आणि चौथ्या दशांश स्थळावरच रचलेली आहे, म्हणून मापन फार काटेकोर असावे लागते. डोंगरावरून खडक आणला की, त्याचा गंजलेला, कुजलेला भाग काढून टाकतात. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत पांढरे, हिरवे सुंदर स्फटिक असतात. संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात, पण येथे ते निवडून फेकावे लागतात. कारण ते पाण्याने मागाहून आणलेले पाहुणे असतात. उरलेल्या स्वच्छ तुकड्यांची पूड हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात. हे आम्ल काच खाते, म्हणून भांडी टेफ्लॉनची. मग तो द्राव रेझिनच्या मण्यांनी भरलेल्या नळीतून हळूहळू पाझरू देऊन त्यातील स्ट्रॉन्शियम तेवढे वेगळे काढतात. खोलीतली हवा गाळून घेतलेली असते, कारण धुळीच्या कणातही स्ट्रॉन्शियम आणि शिसे असते.

हा थेंबभर ऐवज धातूच्या बारीक तारेवर वाळवून मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात ठेवतात. निर्वातात तार तापली की स्ट्रॉन्शियमचे आयन उडतात. विद्युतदाबाने ते वेगाने पुढे ढकलले जातात आणि जबरदस्त चुंबकासमोरून जाताना वळतात. हलके जास्त वळतात, जड कमी. त्यामुळे ८६ आणि ८७ वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात आणि त्यांच्या विद्युतप्रवाहांचे गुणोत्तर पाचव्या दशांश स्थळापर्यंत मिळते.

एक वजाबाकी अजून उरते. लाव्हा थिजल्यापासून त्याच्या स्वतःच्या रुबिडियमनेही थोडे व्याज जमवलेले असते. एखाद्या बेसाल्टात रुबिडियम-८७ हे स्ट्रॉन्शियम-८६ च्या ०.१५ पट आहे असे समजा. ६ कोटी ६० लाख वर्षांत गुणोत्तर किती वाढले असेल? वरचा व्याजदर वापरून करून पाहा. उत्तर सुमारे ०.०००१४ येईल. एवढे वजा केले की जन्माच्या वेळचे गुणोत्तर मिळते.

आंबेनळी घाटातील साक्ष

आता ही रीत आपल्या सह्याद्रीला लावून पाहू. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने चढताना तुम्ही लाव्हाचे थर एकामागून एक मागे टाकत जाता. अधिक खालचा तो अधिक जुना. डोळ्याला सगळे सारखेच काळे. भूवैज्ञानिकांनी मात्र रासायनिक घटकांवरून या थरांचे गट पाडले आहेत आणि तीन गटांना येथलीच नावे दिली आहेत. खालून वर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. पोलादपूरच्याही खाली बुशे नावाचा गट येतो. महाबळेश्वरच्या थरांतील स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम तपासून त्यांच्या उगमाविषयीचे अनुमान जॉन महोनी, के. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे इतरांनी सह्याद्रीच्या बाकीच्या थरांचीही अशी तपासणी केली.

आकडे बोलके आहेत. बुशे गटात गुणोत्तर ०.७१३ च्या पुढे, पार ०.७२० पर्यंत जाते. पोलादपूर गटात ते उतरत येते. आंबेनळी गटात ते ०.७०४ च्या आसपास स्थिरावते. महाबळेश्वर गटात पुन्हा किंचित चढून ०.७०५ कडे झुकते.

बुशेचा लाव्हा ०.७१५ गुणोत्तराच्या प्रावरणातूनच आला असे म्हणावे काय? तसे म्हणण्यापूर्वी वाट पाहिली पाहिजे. दख्खनच्या लाव्हाखाली भारतीय खंडाचे ३०० कोटी वर्षांइतके जुने ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत, आणि शिलारसाला त्यांच्यामधूनच वर यावे लागले. तप्त शिलारस भिंतींचा खडक वितळवून पोटात घेऊ शकतो. समजा, शिलारसाचे गुणोत्तर ०.७०४, ग्रॅनाइटाचे ०.७४४ आणि दोघांतही स्ट्रॉन्शियम सारखेच आहे. मिश्रण ०.७१४ भरले, तर ग्रॅनाइटाचा वाटा किती? एकूण अंतर ०.०४०, त्यापैकी ०.०१० कापले गेले. म्हणजे चौथा हिस्सा. खऱ्या खडकांत हिशेब इतका सरळ नसतो, कारण स्ट्रॉन्शियमचे प्रमाण सारखे नसते आणि भिंत वितळवण्यात शिलारसाची उष्णता खर्ची पडते. म्हणून सिलिका, निओडिमियम आणि शिसे यांचीही साक्ष काढतात. या सगळ्या साक्षी एकाच बाजूला पडतात. बुशेच्या लाव्हाने जुने कवच भरपूर खाल्ले आहे. आंबेनळीच्या लाव्हाने जवळजवळ नाही. त्यामुळे प्रावरणाविषयी विचारायचे असेल तर ते आंबेनळीलाच विचारावे.

खरे सांगायचे तर, खंडावरच्या कोणत्याही लाव्हाबाबत हा संशय पूर्णपणे फिटत नाही. मग शास्त्रज्ञांनी काय केले? ते समुद्रात गेले.

दोन एकाकी बेटे

समुद्राखालचे कवच जेमतेम ६-७ किलोमीटर जाडीचे असते, आणि ते स्वतःच बेसाल्टचे. तेथे जुना ग्रॅनाइट नाही, म्हणून भेसळीची भीती फार कमी. दक्षिण अटलांटिक महासागरात असेन्शन आणि गफ अशी दोन ज्वालामुखी बेटे आहेत. पॉल गास्ट, जॉर्ज टिल्टन आणि कार्ल हेज या तिघांनी तेथील खडकांतले स्ट्रॉन्शियम आणि शिसे मोजून १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन्ही बेटांची गुणोत्तरे जुळत नाहीत, असा तो निष्कर्ष होता. आजच्या मापनांप्रमाणे असेन्शनचे सुमारे ०.७०३ आणि गफचे सुमारे ०.७०५.

हा फरक दिसायला क्षुल्लक. पण त्याचा अर्थ पाहा. व्याजदर एवढा कमी असताना असा फरक पडायला शेकडो कोटी वर्षे जावी लागतात. म्हणजे प्रावरणात निरनिराळ्या घडणीचे भाग आहेत आणि ते दीर्घकाळ एकमेकांत न मिसळता राहिले आहेत. पुस्तकातल्या चित्रातील तो एकरंगी गर मुळी एकरंगी नाहीच.

मग हे वेगळे भाग आले कोठून? आल्ब्रेख्ट हॉफमन आणि विल्यम व्हाइट यांनी १९८२ मध्ये एक धीट कल्पना मांडली. समुद्रतळाचे कवच खंडांच्या कडेला प्रावरणात खाली जाते, हे तोवर मान्य झाले होते. त्या दोघांचे म्हणणे असे की, हे कवच खाली जाऊन नाहीसे होत नाही. ते शंभर-दोनशे कोटी वर्षे तेथे पडून राहते, तापते आणि पुन्हा वर येऊन बेटांच्या ज्वालामुखींतून बाहेर पडते. सेंट हेलेना आणि पॅसिफिकमधील मांगाइआ या बेटांवरच्या लाव्हात शिसे-२०६ विलक्षण जास्त आहे, त्याचाही उलगडा यातून होतो. खाली जाणाऱ्या कवचातून पाण्याबरोबर शिसे निघून जाते, युरेनियम बरेचसे राहते, आणि युरेनियमपासून पुढे शिसे-२०६ तयार होत राहते.

उलगडा झाला म्हणजे पुरावा मिळाला असे नव्हे. तो मिळायला तीस वर्षे लागली, आणि तो दिला गंधकाने. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. ओझोनचा पडदा नसल्याने सूर्याचे अतिनील किरण खालपर्यंत येत आणि ज्वालामुखींच्या धुरातील गंधकाच्या वायूचे रेणू फोडत. त्यामुळे गंधकाच्या समस्थानिकांच्या प्रमाणात एक खास विकृती निर्माण होई. ती केवळ वजनाच्या फरकाने येऊ शकत नाही, आणि ऑक्सिजन वाढल्यापासून तिची निर्मिती थांबली. मांगाइआचा लाव्हा सुमारे २ कोटी वर्षांचा, म्हणजे दख्खनपेक्षाही पुष्कळ लहान. त्यातील ऑलिव्हीनच्या स्फटिकांत अडकलेले गंधकयुक्त कण रिटा कब्राल आणि सहकाऱ्यांनी तपासले, आणि २०१३ मध्ये जाहीर केले की, ती जुनी विकृती त्यांत आहे. ज्या गंधकावर कधीकाळी ऑक्सिजनविरहित आकाशातून ऊन पडले होते, ते पृथ्वीच्या पोटात जाऊन २४५ कोटी किंवा त्याहून अधिक वर्षांनी पुन्हा वर आले होते!

पुन्हा दख्खनकडे

समुद्रावरून मिळालेले हे ज्ञान घेऊन आंबेनळीच्या लाव्हाकडे पाहिले म्हणजे तुलनेला माणसे सापडतात. हिंदी महासागरात रेयुनियाँ नावाचे बेट आहे. तेथला ज्वालामुखी अजून जागृत आहे. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकताना दख्खनचा लाव्हा या ठिकाणावरून ओतला गेला, आणि लक्षद्वीप-मालदीवची रांग त्या प्रवासाची पाऊलखूण आहे, असे पुष्कळांचे मत आहे. रेयुनियाँच्या बेसाल्टचे स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७०४ ला थोडेसे वर असते. आंबेनळीचेही त्याच्या आसपास. मात्र आंबेनळीचे काही थर रेयुनियाँपेक्षा हिंदी महासागराच्या मधल्या डोंगररांगेकडे झुकतात. म्हणून केवळ एका आकड्यावर कूळ जुळवणे घाईचे ठरेल.

येथे हेलियम मदतीला येतो. हेलियम-३ हा बहुतांशी पृथ्वीच्या जन्मापासूनचा साठा. हेलियम-४ मात्र युरेनियम-थोरियमपासून सतत तयार होत असतो. हवेत हेलियम-३ च्या एका अणूमागे हेलियम-४ चे सुमारे ७ लाख अणू असतात. समुद्रातील डोंगररांगांच्या बेसाल्टात हेलियम-३ चे प्रमाण हवेच्या सुमारे आठपट असते, आणि रेयुनियाँत बारा-चौदापट. जेथून वायू फारसे निसटले नाहीत अशा खोल भागाची ही खूण मानतात.

दख्खनच्या साध्या लाव्हात हे पाहणे अवघड, कारण हवेत उघडा पडलेला लाव्हा आपला वायू गमावून बसतो. अशिष बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून राजस्थानातील मुंडवाडा आणि सरनू येथे धाव घेतली. तेथे दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्या थोडे आधी, सुमारे ६ कोटी ८५ लाख वर्षांपूर्वी, काही अल्कलीयुक्त शिलारस जमिनीत शिरून थिजला होता. त्यातील खनिजांत हेलियम-३ चे प्रमाण हवेच्या १३.९ पटीपर्यंत निघाले. १९९३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रेयुनियाँशी हा आकडा चांगला जुळतो. परंतु तो मोजला गेला आहे राजस्थानच्या त्या जरा आधीच्या शिलारसात. सह्याद्रीतील दोन किलोमीटर जाडीच्या लाव्हापैकी किती भाग त्याच खोल उगमातून आला आणि किती वरच्या प्रावरणातून, याचा हिशेब अजून स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसे यांच्याच आधारे मांडावा लागतो, आणि त्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.